हार बॉनेटला, गंज चासीला

नवरात्राचा नववा दिवस म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी सकाळी कुठल्याही गावातून वा शहरातून एक चक्कर मारावी, एक दृश्य हमखास दिसते. दारोदारी गाड्या धुतल्या जात असतात. स्कूटर, रिक्षा, टेम्पो, ट्रक, मोटार. ज्याची जशी ऐपत तसे वाहन. पाण्याचा फवारा उडतो, फडके फिरते, काचा लखलखतात, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, झेंडूचा हार आडवा पडतो आणि चाकाखाली लिंबू ठेवले जाते. सुताराचा रंधा, शिंप्याचे मशीन, शेतकऱ्याचा नांगर यांच्या रांगेत मोटारगाडीनेही पूजेतली आपली हक्काची जागा मिळवली, याला आता कैक वर्षे झाली. या सगळ्या सोहळ्यात एक गोष्ट मात्र कुणी करीत नाही. वाकून गाडीच्या खाली कुणी पाहत नाही.

वास्तविक या सणाचा मूळ अर्थच तो असावा. पावसाळ्याचे चार महिने शस्त्रे आणि अवजारे घरात पडून असत. दमट हवेत लोखंडाला गंज चढे. पाऊस सरला की ती बाहेर काढायची, घासायची, तेल लावायची आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनाला निघायचे. पूजा ही त्या कामाची सांगता होती. आपण सांगता तेवढी ठेवली आणि काम सोडून दिले.

हे सुचण्याचे कारण थोडे घरगुती आहे. माझा एक मावसभाऊ रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावात राहतो. मासळीची वाहतूक हा त्याचा धंदा. पहाटे बंदरावर बर्फात घातलेली मासळी भरायची आणि आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचे. काही वर्षांपूर्वी त्याने एक जुनी पिकअप गाडी विकत घेतली. गाडीचे वय तेव्हा सहा वर्षांचे. घेताना त्याने अगदी खाली आडवे होऊन पाहिले होते. खालचा भाग काळ्या डांबरी लेपाने असा चकचकीत केलेला होता, की पाहणाऱ्याला वाटावे, कालच कारखान्यातून आली आहे. विकणाऱ्यानेही तेच सांगितले. भावाने विश्वास ठेवला.

तिसऱ्या वर्षी श्रावणात, भर पावसात, घाट चढताना मागून मोठा आवाज झाला आणि गाडी एका अंगाला बसली. मागच्या पाट्याचा हँगर चासीतून लोखंडाच्या तुकड्यासकट उखडून आला होता. चढ होता, वेग कमी होता, म्हणून निभावले. हेच उतारावर झाले असते तर काय, हा विचार आजही मावशी पुरा होऊ देत नाही. गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली. मिस्त्रींनी हातोडीने चासीवर ठिकठिकाणी ठोकून पाहिले. टणटणीत आवाज यायचा तिथे भद्द आवाज आला. चौथ्या ठोक्याला काळ्या लेपाचा एक पापुद्रा सुटला आणि त्याच्या मागोमाग तांबडा भुगा जमिनीवर सांडला. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, ही चासी नाही, चाळण आहे. वरचा रंग तेवढा धरून होता."

ज्यांचा गाडीच्या खालच्या भागाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. ट्रक, टेम्पो, जीप, पिकअप अशा गाड्यांचा सारा डोलारा एका पोलादी सांगाड्यावर उभा असतो. आकाराने तो शिडीसारखा असतो. दोन लांब कणे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. इंजिन, चाके, पाटे, हौदा, माणसे, माल. सगळ्यांचा भार शेवटी त्याच्यावर येतो. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींना अशी वेगळी चासी नसते, त्यांचे शरीरच सांगाड्याचे काम करते. पण गंजाचा धोका दोन्हींना सारखाच. वरचा पत्रा गंजला तर गाडी कुरूप होते. खालचा सांगाडा गंजला तर ती प्राणघातक होते. आणि खर्च मात्र आपण वरच्या पत्र्यावर करतो.

गंज म्हणजे काय, हे शाळेत शिकलेले आपण परीक्षेबरोबर विसरून जातो. लोखंडाला निसर्गात लोखंड म्हणून राहायचे नसते. खाणीतून ते निघते तेच प्राणवायूशी संयोग पावलेल्या मातीच्या रूपात. माणूस त्याला भट्टीत तापवून तो संयोग मोडतो आणि पोलाद घडवतो. त्या क्षणापासून ते आपल्या मूळ रूपाकडे परत जाण्याची संधी शोधत असते. पाणी आणि प्राणवायू दोन्ही मिळाले की ती संधी मिळते. ओलाव्याच्या पातळ थरात लोखंडाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म विद्युतघट तयार होतात. एका जागी लोखंड विरघळते, शेजारी प्राणवायू खर्ची पडतो आणि मधे तांबूस गंज साठतो. पाण्यात मीठ असले तर वीज अधिक सहज वाहते आणि हा उद्योग कित्येक पटींनी वाढतो. समुद्रावरचा वारा, मासळीच्या बर्फाचे ठिबकणारे खारट पाणी, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा कोकणातला पाऊस. भावाच्या गाडीला गंजाची अशी सगळी पक्वान्ने एकाच ताटात वाढलेली होती.

त्यात गंजाची आणखी एक खोड आहे. ज्या लोखंडापासून तो होतो त्याच्या दुपटीहून अधिक जागा तो व्यापतो. म्हणून तो फुगतो, पापुद्रे धरतो, वरचा रंग उचलतो आणि आत नव्या पाण्याला वाट करून देतो. तांब्यावर चढणारा हिरवा थर आतल्या तांब्याला बऱ्याच अंशी सांभाळतो. लोखंडाचा गंज आतल्या लोखंडाला वाऱ्यावर सोडतो.

याला एक गाजलेला अपवाद आपल्याच देशात आहे. दिल्लीला कुतुबमिनाराच्या आवारात उभा असलेला लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे ऊनपाऊस खात आहे. कानपूरच्या आयआयटीतले धातुशास्त्रज्ञ प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्या काळच्या लोहारांच्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण जास्त होते. त्यामुळे स्तंभावर जो पहिला गंज चढला त्यानेच पुढे एक घट्ट, अतिशय पातळ आवरण धरले आणि आतले लोखंड राखले. आजच्या पोलादात स्फुरद मुद्दाम कमी ठेवतात, कारण तो पोलादाला ठिसूळ करतो. तेव्हा लोहस्तंभाचा अभिमान जरूर बाळगावा, पण आपल्या टेम्पोने त्याच्यासारखे वागावे अशी अपेक्षा धरू नये. टेम्पोला आवरण आपल्यालाच घालावे लागते.

असे आवरण घालण्याची विद्या आपल्या घरात नाही असे मात्र नाही. भावाची गाडी गॅरेजमध्ये पडली होती तेव्हा मी मावशीकडे गेलो होतो. ती स्वयंपाकघरात नारळ खवत बसली होती. तिची विळी तिच्या सासूच्या वेळची, साठ वर्षांपूर्वीची. त्याच घरात, त्याच खाऱ्या हवेत, रोज ओल्या नारळाशी गाठ असूनही तिच्या पात्यावर गंजाचा डाग नव्हता. विचारले तर म्हणाली, "त्यात काय आहे? धुतली की कोरडी पुसायची आणि तेलाचं बोट फिरवायचं." साठ वर्षांची विळी धड आणि नऊ वर्षांच्या गाडीची चाळण! फरक होता तो तेलाच्या एका बोटाचा.

तवा आणि कढई यांचेही तेच. तेल चोळून तापवलेल्या तव्यावर जो काळा थर बसतो, तो तेलाचाच कडक झालेला पापुद्रा असतो. जवसाच्या तेलाला हे काम आणखी चांगले साधते. ते हवेतच वाळून घट्ट होते, म्हणून जगभरच्या रंगाऱ्यांनी शतकानुशतके त्याचा आधार घेतला. त्यात शेंदूर कालवला की लोखंडाचे उत्तम रक्षक कवच तयार होई. होय, तोच शेंदूर. मारुतीला आपण तेलात कालवून जो चढवतो, तो शिशाचा शेंदूर एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात जहाजांना आणि पोलादी पुलांना पहिला हात म्हणून लावला जात असे. शिसे विषारी, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला घातक, हे नीट उमगल्यावर तो मागे पडला. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांतले शिसे दहा लाख भागांत ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू आहे. म्हणून जुन्या गाडीचा वा जुन्या खिडकीच्या गजांचा रंग खरवडताना नाकातोंडावर मास्क असावा आणि मुले लांब असावीत, हे आधी सांगितले पाहिजे.

आता ब्रशाकडे वळू. फवाऱ्याने रंग मारणे झटपट होते, दिसतेही सुबक. पण चासीच्या बाबतीत साधा हातातला ब्रश अधिक भरवशाचा. गंजाने पडलेले खड्डे, वेल्डिंगच्या कडा, बोल्टांची डोकी, पट्ट्यांच्या सांध्यांतल्या फटी, अशा जागी रंग नुसता उडवून भागत नाही, तो घोळवून आत घालावा लागतो. धारदार कडेवरून ओला रंग मागे सरतो आणि तिथे थर पातळ राहतो. म्हणून जाणकार रंगारी कडा आणि बोल्ट यांना आधी ब्रशाने एक हात देतात आणि मग सगळीकडे रंग लावतात. फवारणारा गाडीभोवती फिरतो. ब्रशवाल्याला गाडीखाली झोपावे लागते आणि झोपल्यावर त्याला सगळे दिसते. ब्रशाचा खरा फायदा बहुधा हाच.

रंगाच्या आधीची तयारी हे या कामाचे तीन चतुर्थांश. गाडी खालून नीट धुवायची, चिखल आणि मीठ घालवायचे आणि कोरड्या हवेत पूर्ण वाळू द्यायचे. दिवाळी ते होळी हा त्यासाठी उत्तम काळ. मग हातोडी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन सांगाडा ठोकून, टोचून पाहायचा. टोक आत गेले तर तिथे रंगाचे काम संपले आणि वेल्डरचे सुरू झाले. रंग लोखंडाला राखतो, गेलेले लोखंड परत आणत नाही. धड असलेल्या भागावरचे ग्रीस थिनरने पुसायचे, सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशाने आणि पॉलिश पेपरने काढायचे.

एवढे करूनही खड्ड्यांच्या तळाशी घट्ट बसलेला गंज उरतोच. त्याच्यासाठी बाजारात एक द्राव मिळतो. काही प्रकारांत फॉस्फोरिक आम्ल असते, काहींत टॅनिन. टॅनिन हे आपल्या ओळखीचे आहे. हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत ते असते, त्यानेच चामडे कमावतात. लोखंडी कढईत आवळा शिजवला की तो काळा पडतो ही त्याच जातीची करामत. टॅनिन गंजाशी संयोग पावते आणि त्याचे निळसर काळ्या, स्थिर पदार्थात रूपांतर करते. तांबडा गंज डोळ्यांदेखत काळा होतो. मात्र हा थर काही स्वतः कवच नव्हे. त्याच्यावर रंग चढवावाच लागतो.

इथे आपल्याकडची एक सार्वत्रिक चूक. लोखंडाला तांबडा रेड ऑक्साइड फासला की काम झाले, अशी आपली समजूत आहे. गेटे, गज, पाण्याच्या टाक्यांचे सांगाडे असे तांबडे होऊन पावसाळेच्या पावसाळे उभे असतात. तो पहिला हात आहे, बनियनसारखा. त्यातून ओलावा झिरपतो. त्याच्यावर पक्क्या रंगाचे दोन पातळ हात हवेत. चासीसाठी इपॉक्सीचा प्राइमर आणि वर त्याच जातीचा रंग हे चांगले चालते. दुसरा एक प्रकार आहे तो मोठा मौजेचा. हवेतला ओलावा शोषून घट्ट होणारे पॉलियुरेथेन. ज्या ओलाव्याने लोखंड गंजते, त्याच ओलाव्याने हा रंग वाळतो. काट्याने काटा काढणे म्हणतात ते असे. खडबडीत लोखंडाला तो फार घट्ट धरतो, गुळगुळीत भागावरून मात्र सोलून निघतो. उन्हाने त्याचा रंग उडतो, पण चासीला ऊन लागतेच कुठे? मात्र त्याची वाफ श्वासाला चांगली नाही, तेव्हा मोकळी हवा, योग्य मास्क आणि हातमोजे हवेतच. डब्याच्या काठावर रंग राहू दिला तर झाकण पुन्हा उघडत नाही, हा अनुभव प्रत्येकाने एकेकदा घेतलेला असतो.

काही जागा ब्रशापासून वाचवायच्याही असतात. पाणी निघून जाण्यासाठी सांगाड्याला ठेवलेली भोके बुजवली तर गंजाला आपण आतून कडी लावून देतो. रबरी बुश आणि तापणारा सायलेन्सर यांना रंग लावायचा नाही. चासीचा नंबर तर रंगाने मुळीच बुजवायचा नाही. आरटीओत त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची वेळ आली आणि कागदावर काहीच उमटले नाही, म्हणजे मालकाची जी धांदल उडते ती बघण्यासारखी असते. बंद पोकळ भागात ब्रश पोचत नाही, तिथे मेणासारखा द्राव नळीने सोडावा लागतो. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही कधीही जायचे नाही. भक्कम स्टँड हवेतच.

जळके इंजिन ऑइल खालून फवारण्याची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी आहे. तेलाने गंज थोपतो हे खरे, पण ते रबर फुगवते, धूळ धरून बसते आणि पहिल्याच पावसात ओघळून विहिरी-ओढ्यांत जाते. गाडी वाचवायला पाणी नासवणे हा काही शहाणा सौदा नव्हे.

हे दुखणे आपल्याच गरिबीचे आहे असे समजू नये. अमेरिका-कॅनडात हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. तिथे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना गाडीखालचा गंज चांगला परिचयाचा आहे. चासी गंजण्याच्या तक्रारींवरून एका नामांकित वाहन कंपनीने अमेरिकेत २०१६ साली सुमारे ३४० कोटी डॉलरचा समझोता मान्य केला. स्कॉटलंडचा फोर्थ रेल्वेपूल १८९० साली खुला झाला. त्याचे रंगकाम कधी संपतच नाही, अशी म्हणच इंग्रजीत रूढ झाली. अखेर जुना रंग पोलादापर्यंत खरवडून, इपॉक्सीचे नवे थर देऊन ते काम २०११ साली पुरे झाले. त्याच सुमारास कोलकात्याच्या हावडा पुलाची पाहणी झाली, तेव्हा आधारांच्या बुडाशी बसवलेल्या सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादी आवरणाची जाडी काही वर्षांतच निम्म्याहून खाली आल्याचे आढळले. कारण काय, तर येणारे-जाणारे त्यावर पानाच्या पिंका टाकत होते. चुना, कात आणि थुंकी यांनी पोलाद खाल्ले. एका देशाने पुलाला रंग दिला, आपण दुसऱ्या प्रकारचा रंग दिला!

विनोद इथे थांबतो. १५ जून २०२५ रोजी, रविवारीच, पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला. चार जण गेले, अनेक जखमी झाले. पूल गंजलेला होता, धोकादायक असल्याचा फलकही होता. फलक लावणाऱ्यांनी आपले कर्तव्य झाले असे मानले आणि पुलावर उभे राहणाऱ्यांनी तो वाचला नाही. घाटात भावाची गाडी बसली आणि इंद्रायणीवर पूल बसला, यांत आकाराचा फरक आहे, जातीचा नाही. दोन्हीकडे काय होत आहे हे खाली वाकून पाहणाऱ्याला आधीच दिसले असते.

आपल्याला नव्याचे कौतुक फार. नव्या गाडीला पेढे, नव्या पुलाला फीत, नव्या इमारतीला कोनशिला. पण कोनशिलेवर कुणी असे लिहीत नाही, की या वास्तूला दर इतक्या वर्षांनी रंग द्यावा आणि तो देणाऱ्याचे नाव इथे कोरावे. देखभालीला उद्घाटन नसते, म्हणून तिला निधीही नसतो. वाहतुकीच्या गाड्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तंदुरुस्तीचा दाखला घ्यावा लागतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते. नियम आहेत. पण तपासणाऱ्याच्या हातात धुराचे यंत्र आणि दिव्यांची यादी असते, तशी एक हातोडीही असावी आणि ती खरोखर वाजवली जावी. शाळेच्या मुलांना नेणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत तर हा आग्रह पालकांनीच धरला पाहिजे. गाडीला पडदे आहेत का हे आपण विचारतो, चासी कशी आहे हे एकदा विचारून पाहावे. आणि जुनी गाडी घेताना खालचा काळा लेप फार चकचकीत दिसला, तर आनंद मानण्याऐवजी हातोडी मागावी.

भावाने ती गाडी काढून टाकली नाही. एवढी पुंजी नव्हती. वेल्डरने कुजलेला भाग कापून नवे पोलाद जोडले आणि उरलेल्या चासीची सगळी सफाई भावाने स्वतः गोणपाटावर उताणे पडून केली. आठ दिवस लागले. हौद्यातले खारट पाणी खाली ठिबकू नये म्हणून त्याने त्याला नळी जोडून वाट काढून दिली. आता रोज संध्याकाळी गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुतले जाते आणि दर मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, ब्रशाचा एक हात फिरतो.

गेल्या खंडेनवमीला मी तिथे होतो. बॉनेटला हार घालून झाला, नारळ फुटला. मावशी हळदकुंकवाची कोयरी घेऊन उभी होती. तिने मुलाला विचारले, "खाली पाहिलंस का?" तो म्हणाला, "पाहिलं." मग तिने खाली वाकून चासीच्या पुढच्या टोकाला कुंकू लावले आणि ती आत विळी पुसायला गेली.